ती एकटी तळघरात का गेली? खूनकथेतली माणसं संकटात शहाण्यासारखी वागतात का

"घरात एक खून झालाय, दिवे गेलेत, आणि ही बाई मेणबत्ती घेऊन एकटी तळघरात उतरतेच कशी?" खूनकथा वाचणाऱ्या प्रत्येकानं कधी ना कधी हा प्रश्न विचारलेला असतो. काही वेळा तक्रार रास्त असते, पण बऱ्याचदा नसते. खरी माणसं खऱ्या संकटात कशी वागतात, याची आज बऱ्यापैकी माहिती आहे. तिच्याशी ताडून पाहिलं तर चांगल्या खूनकथेतली पात्रं सरासरी माणसापेक्षा सावधच ठरतात. ती चुकतात ते बहुधा दुसऱ्या खुनाच्या आदल्या संध्याकाळी, जेव्हा कुणीतरी महत्त्वाची गोष्ट पोलिसांना सांगायची सोडून मनात ठेवतं. तळघराचा जिना त्या मानानं किरकोळ.

आधी वाचकाची बाजू तपासू. आपण पुस्तक उघडतो तेव्हा ती खूनकथा आहे हे आपल्याला मुखपृष्ठावरूनच कळलेलं असतं. अजून दीडशे पानं उरलीत म्हणजे खुनी मोकळा आहे, हेही हाताला जाणवत असतं. पात्रासाठी मात्र ती एक साधी मंगळवारची संध्याकाळ असते. आयुष्यात आजवर खाली वाजलेला प्रत्येक आवाज मांजराचा, वाऱ्याचा नाहीतर उघड्या राहिलेल्या खिडकीचा निघालेला असतो. निकाल कळल्यावर "हे तर दिसतच होतं" असं वाटणं हा माणसाच्या बुद्धीचा जुना दोष आहे. बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञानं १९७५ मध्ये तो प्रयोगानं दाखवला. त्यानं लोकांना १८१४ च्या इंग्रज-गुरखा युद्धाविषयीचा उतारा वाचायला दिला. प्रत्येक गटाला युद्धाचा वेगळा शेवट सांगितला. ज्या गटाला जो शेवट सांगितला, त्याला तोच अधिक संभवनीय वाटला, आणि तो आपण आधीही ओळखला असता अशी त्याची खात्री होती. खूनकथा वाचताना आपण याच खुर्चीत बसलेले असतो.

विषाच्या कथांमध्ये तर पात्राची बाजू आणखी भक्कम असते. "नवऱ्याला तीन आठवडे उलट्या होताहेत आणि हिला संशयही नाही?" असं आपण म्हणतो. पण आर्सेनिकची लक्षणं उलट्या, जुलाब, पोटात मुरडा अशी असतात, म्हणजे पटकी किंवा पोट बिघडण्यासारखीच. एकोणिसाव्या शतकात अनुभवी डॉक्टरही त्यात फसत. १८३६ मध्ये मार्श चाचणी आली तेव्हा कुठे शरीरात अगदी थोडं आर्सेनिक असलं तरी ते खात्रीनं पकडता येऊ लागलं. थॅलियमचं आणखी अवघड. त्याची ठळक खूण म्हणजे केस गळणं, आणि ते सुरू होतं विष पोटात गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी. तोवर कुणी काय खाल्लं ते कुणाच्या लक्षात राहणार? सायनाइडला कडू बदामाचा वास येतो हे कथांमध्ये सगळ्यांना ठाऊक असतं, पण तो वास ओळखण्याची क्षमता काही माणसांत जन्मतःच नसते. अ‍ॅगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात टॉर्कीच्या रुग्णालयाच्या औषध विभागात काम करत होत्या, औषधं बनवण्याची परीक्षाही त्यांनी दिली होती. त्यांच्या कथांतली माणसं विष ओळखण्यात उशीर करतात, तो उशीर वैद्यकीयदृष्ट्या बरोबर असतो.

आता खरी माणसं. १९६८ मध्ये बिब लाताने आणि जॉन डार्ली यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एका खोलीत फॉर्म भरायला बसवलं आणि भिंतीतल्या झरोक्यातून हळूहळू धूर सोडला. खोलीत एकटे असलेल्यांपैकी ७५ टक्क्यांनी उठून कुणाला तरी सांगितलं. पण शेजारी दोन माणसं आधी पढवून बसवली होती आणि ती धूर पाहूनही गप्प फॉर्म भरत राहिली, तेव्हा दहापैकी एकच जण उठला. बाकीचे खोकत होते, डोळे चोळत होते, हातानं धूर बाजूला सारत होते आणि फॉर्म भरत होते. नंतर विचारल्यावर कुणी म्हणालं वाफ असेल, कुणी म्हणालं वातानुकूलन बिघडलं असेल. म्हणजे खूनकथेत दिवाणखान्यात बसलेली आठ माणसं वरच्या मजल्यावरचा धप्प आवाज ऐकून एकमेकांकडे पाहतात आणि पुन्हा पत्ते पिसायला लागतात, तेव्हा लेखकानं काही अतिशयोक्ती केलेली नसते.

१८ नोव्हेंबर १९८७ ला लंडनच्या किंग्ज क्रॉस भुयारी स्थानकात लाकडी सरकत्या जिन्याखाली आग लागली आणि ३१ जण दगावले. धूर दिसू लागल्यावरही अनेक प्रवासी आपल्या नेहमीच्या वाटेनंच चालत राहिले होते. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांतून बाहेर पडण्याआधी कित्येकांनी संगणक बंद केले, पिशव्या भरल्या, फोन केले. संकटात माणूस किंचाळत सैरावैरा धावतो ही समजूत सिनेमानं पसरवलेली आहे. बहुसंख्य माणसं थिजतात, किंवा काही घडलंच नाही अशा थाटात रोजचं काम पुढे रेटतात. याची दुसरी बाजूही सांगायला हवी. ब्रिटन, नेदरलँड्स आणि दक्षिण आफ्रिकेतल्या शहरांमधल्या रस्त्यावरच्या २१९ भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण संशोधकांनी तपासलं. २०१९ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात दहापैकी नऊ प्रसंगांत आसपासचं कुणी ना कुणी मध्ये पडलेलं दिसलं. भांडण डोळ्यांना स्पष्ट दिसतं, धुराचं तसं नसतं. काय चाललंय हे नीट कळलं की माणूस हलतो. खूनकथेचा सगळा डाव नेमकं ते कळू न देण्यावर उभा असतो.

शरीराचंही ऐकावं लागतं. घाबरल्यावर अ‍ॅड्रेनलीन उसळतं, हृदय जोरात धडधडतं, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं. पळायला ते बरं, पण बोटांची बारीक कामं बिघडतात. म्हणून कुलपाच्या भोकात किल्ली जात नाही, कडी कोयंड्यात बसत नाही. हे दृश्य घिसंपिटं झालेलं असेल, पण खोटं नाही. नजर हत्यारावर खिळते. समोर बंदूक असली की साक्षीदाराला बंदूक आठवते आणि चेहरा नीट आठवत नाही, हे एलिझाबेथ लॉफ्टस आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवलं. गाढ झोपेतून दचकून उठलेल्या माणसाचा मेंदू पहिली पंधरा ते तीस मिनिटं धड चालत नसतो, आणि खूनकथेतले निम्मे मूर्ख निर्णय पहाटे तीनला घेतलेले असतात!

राहता राहिली मेणबत्ती. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. मेणबत्ती तोंडासमोर धरली की तेवढा वेळ वाया जातो. आपल्याला फक्त ज्योत दिसते, आणि अंधारातल्या माणसाला आपण लख्ख दिसतो. धरायचीच तर कमरेच्या उंचीवर, अंगापासून लांब, डोळ्यांच्या बाजूनं तळहाताचा आडोसा करून. तळघरात जाणाऱ्या बाईची खरी चूक इथे असते, आणि ती बहुतेक वाचकही करतील.

हे सगळं एका कथेवर घासून पाहू. ख्रिस्ती यांची १९३९ ची 'अँड देन देअर वर नन' ही कादंबरी यासाठी सगळ्यात चांगली, कारण तिच्यात मदतीला बाहेरचे पोलीस नाहीत, कोडं सोडवणारा गुप्तहेर नाही, फक्त डेव्हनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर अडकलेली दहा माणसं आहेत. खुनी कोण ते इथे सांगितलेलं नाही, पण काही मृत्यूंचा उल्लेख येईल. ज्यांना कोरं राहून वाचायची आहे त्यांनी पुढचे काही परिच्छेद सोडावेत.

या माणसांनी केलेल्या गोष्टी पाहा. सुरुवातीच्या मृत्यूंनंतर तिघं पुरुष सगळं बेट पायाखाली घालतात, एकाला दोरानं कड्यावरून खाली सोडून कपारी पाहतात, मग घराची खोली न् खोली तपासतात. बाहेरचा कुणी नाही हे पक्कं झाल्यावर खुनी आपल्यातलाच आहे हे ते उघडपणे मान्य करतात. पाच जण उरतात तेव्हा तर त्यांची व्यवस्था कुठल्याही सुरक्षा अधिकाऱ्यानं पाठ थोपटावी अशी असते. सगळी औषधं एका पेटीत घालून कुलूप लावतात आणि ती पेटी कपाटात ठेवून कपाटालाही कुलूप. पेटीची किल्ली एकाकडे, कपाटाची दुसऱ्याकडे, आणि हे दोघं निवडलेले असतात ते सगळ्यांत दणकट म्हणून, म्हणजे एकमेकांकडून किल्ली हिसकावणं दोघांनाही जड जावं आणि उरलेल्या तिघांना अशक्य व्हावं. कपाट फोडायचं तर आवाज होणारच. जेवण डबाबंद, स्वयंपाकघरात उभ्यानं, सगळ्यांच्या देखत. दिवसभर एकाच दिवाणखान्यात बसायचं आणि एका वेळी एकानंच बाहेर जायचं.

मग चुकतं कुठे? बहुतेक ठिकाणी घरकामाच्या सवयीत. नोकर पहाटे उठून नेहमीप्रमाणे एकटाच सरपण फोडायला जातो आणि तिथेच मारला जातो. तीन मृत्यू घडून गेलेत, त्यांतला एक त्याच्या बायकोचा, तरी सकाळी चूल पेटली पाहिजे हे त्याच्या अंगात भिनलेलं आहे. त्याच दिवशी नाश्त्यानंतर एका बाईंना गरगरतं, त्या टेबलाशी एकट्या बसून राहतात, आणि बाकीचे सगळे भांडी आवरायला स्वयंपाकघरात. धुराच्या खोलीत फॉर्म भरत बसलेल्या विद्यार्थ्यांची ही सख्खी भावंडं. नोकर गेल्यावर विजेचं इंजिन कुणी सुरू करत नाही, मेणबत्त्यांवर भागवतात. माझ्या मते हा त्यांचा सगळ्यात महागात पडलेला आळस. पाचही जणांनी मिळून जाऊन अर्ध्या तासात ते इंजिन चालू करायला हवं होतं. अंधारामुळेच पुढची युक्ती साधते: एक मुलगी तोंड धुवायला एकटी आपल्या खोलीत जाते, छताला टांगलेलं ओलं समुद्री शेवाळ तिच्या गळ्याला लागतं, ती किंचाळते, आणि सगळे धावत वर जातात. एका वेळी एकानंच बाहेर जायचं हा नियम त्या एका किंकाळीनं मोडतो. खाली एक जण मागे राहतो, आणि पुढचा घात त्याच गडबडीत होतो.

विखुरणं चूक की बरोबर, हा प्रश्न आकड्यांनी सोडवता येतो. दहा जणांत खुनी एकच असेल, तर निर्दोष माणसाला जोडीदार म्हणून खुनीच मिळण्याची शक्यता नऊपैकी एक, म्हणजे सुमारे ११ टक्के. पाच उरले की चारपैकी एक, २५ टक्के. तीन उरले की ५० टक्के. म्हणजे "दोघं-दोघं जाऊ या" हा सल्ला सुरुवातीला बरा आणि शेवटी घातक. तरीही जोडीला एक संरक्षण असतं. कोण कुणाबरोबर गेलं हे सगळ्यांना माहीत असेल, तर एक मेल्यावर दुसरा आपोआप पकडला जातो. लपून राहायचं असलेला खुनी अशा जोडीत हात उगारणार नाही. हे संरक्षण टिकण्यासाठी जोड्या सगळ्यांसमोर, नावं घेऊन ठरवायला हव्यात. "तू ये माझ्याबरोबर" असं कुजबुजून ठरलेली जोडी सगळ्यात धोक्याची. तिघांचा गट जास्त पक्का, कारण त्यात हल्ला करणाऱ्याला दोन माणसांशी एकदम निपटावं लागतं.

झोपेचं गणितही मांडता येतं, आणि ते मांडलं की कळतं की या माणसांना वाट होती. कायम तिघं जागे हवेत असं धरू, कारण तिघांत एक खुनी असला तरी दोन साक्षीदार उरतात. दिवसाचे २४ तास गुणिले ३, म्हणजे जागरणाचे ७२ तास वाटून घ्यायचे. पाच माणसं असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला जागरण १४ तास २४ मिनिटं आणि झोप ९ तास ३६ मिनिटं. चार असतील तर जागरण १८ तास, झोप ६ तास. कष्टाचं आहे, पण दोन-तीन दिवस निभतं. तीन उरले की झोप शून्य, आणि तिथे ही पद्धत कोसळते. सलग १७ तास जागलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका गडबडतो, हे १९९७ मध्ये डॉसन आणि रीड यांनी मोजून दाखवलंय. बेटावरचे चौघं यातलं काही न करता रात्री आपापल्या खोल्यांत जाऊन कड्या लावून घेतात. स्वतःपुरतं ते सुरक्षित वाटतं. पण दार बंद झाल्यावर बाहेर कोण फिरतंय हे कुणालाच कळत नाही, आणि खुन्याला हवी असते नेमकी तीच मोकळीक. १९३९ च्या इंग्लंडमध्ये एका तरुण मुलीनं परक्या पुरुषांबरोबर एकाच खोलीत रात्र काढायची हा विचारही कुणाच्या मनात आला नसता, तेव्हा त्यांना पूर्ण दोष देता येत नाही.

दाराचं निघालंच आहे तर: मुठीखाली खुर्ची तिरकी अडकवण्याची युक्ती फक्त आत उघडणाऱ्या दाराला चालते, तीही खुर्चीची पाठ मुठीच्या खाली घट्ट बसली आणि मागचे पाय न घसरणाऱ्या जमिनीवर टेकले तर. गुळगुळीत फरशीवर जोराच्या धक्क्यासरशी खुर्ची सरकते. आपल्या जुन्या वाड्यांतला अडसर याहून फार पक्का, कारण त्याचा भार दोन्ही बाजूंच्या भिंतींवर जातो.

शेवटच्या दिवशी ऊन पडल्यावर उरलेले तिघं आरशानं किनाऱ्याकडे संदेश चमकवतात. ही कल्पना अगदी योग्य होती, संदेश पोचलाही होता, पण होडी यायला उशीर होतो. शिवाय बेटावर पैज लागलीये, खुणांकडे लक्ष देऊ नका, असं किनाऱ्यावरच्या लोकांना आधीच सांगून ठेवलेलं असतं. मग तिघांपैकी एकाला भूक लागते. बाकी दोघं उघड्यावरच थांबायचं म्हणतात, हा एकटा घराकडे जातो, आणि वरून टाकलेलं संगमरवरी घड्याळ त्याच्या डोक्यात बसतं. भुकेनं माणूस मरतो तो आठवड्यांनी. दुपारचं जेवण चुकवणं त्याला सहज जमलं असतं. पण धोका अदृश्य असतो आणि भूक पोटात जाणवत असते, त्यामुळे हा सौदा माणसं नेहमी उलटा करतात.

आता दुसऱ्या खुनाकडे. कादंबरीला मध्यावर ढिलाई येऊ नये म्हणून लेखकाला दुसरा बळी लागतो, आणि तो बहुधा असा कुणी असतो की ज्यानं काहीतरी पाहिलंय. अशा माणसांचे प्रकार आहेत, आणि सगळ्यांना एकाच मापानं मूर्ख ठरवू नये. ज्या मोलकरणीनं ट्रे हललेला पाहिला पण त्याचं महत्त्व तिला कळलंच नाही, तिचा काही दोष नाही. जिला शंका आली पण खात्री नाही म्हणून जी दोन दिवस थांबते, तिचं वागणं समजायला काळ लक्षात घ्यावा लागतो. ब्रिटनमध्ये शेवटच्या दोन फाशा १३ ऑगस्ट १९६४ ला झाल्या. त्याआधीच्या कथांमध्ये चुकीच्या माणसाचं नाव घेणं म्हणजे त्याला दोराकडे ढकलणं. "आधी मी त्याला विचारते, मग सांगते" ही तिची इच्छा माणुसकीची आहे. चूक एवढीच की विचारायला ती एकटी जाते आणि कुठे जातेय ते कुणाला सांगत नाही.

तोंड बंद ठेवण्यासाठी पैसे मागणाऱ्याचा बचाव मात्र करता येत नाही. एकदा खून केलेल्या माणसाकडून तो पैसे मागतो, रात्री, निर्जन जागी, आणि माहिती फक्त स्वतःच्या डोक्यात ठेवून. वकिलाकडे एक बंद पाकीट ठेवून ते समोरच्याला सांगितलं असतं तर त्याला मारण्यात काही अर्थच उरला नसता. सगळ्यात वाईट नमुना "मला सगळं कळलंय, पण फोनवर नको, भेटून सांगतो" म्हणणारा. यातही जुन्या काळाला थोडी सूट आहे. गावातला फोन हातानं जोडून देणाऱ्या एक्स्चेंजमधून जायचा, मोठ्या घरात त्याच लाइनीवर दुसऱ्या खोलीतही रिसीव्हर असे, म्हणजे कुणीतरी ऐकेल ही भीती खरी होती. पोलिसांना तातडीनं बोलावणंही सोपं नव्हतं. ९९९ हा क्रमांक लंडनमध्ये सुरू झाला ३० जून १९३७ ला, आणि देशभर पसरायला कित्येक वर्षं लागली. ९ हा आकडा निवडताना तो अंधारात आणि धुरात तबकडीवर चाचपून सापडावा हाही विचार होता. पण भीती कितीही खरी असली तरी खुन्याचं नाव सांगायला दोन सेकंद लागतात. ज्यानं "भेटून सांगतो" म्हणायला वेळ काढला त्याला नाव उच्चारायलाही वेळ होता, आणि हे लेखकालाही ठाऊक असतं.

"एवढं होऊनही ही मोलकरीण त्या घरात राहते कशाला?" हा प्रश्नही नेहमी येतो. मालकिणीनं चांगल्या वर्तणुकीची चिठ्ठी दिल्याशिवाय त्या काळी दुसरीकडे काम मिळणं मुश्कील होतं. पळून गेलेली मोलकरीण पोलिसांच्या नजरेत संशयित आणि बाजारात बेकार. राहण्याचा तिचा निर्णय पोटाच्या हिशेबानं बरोबर होता.

खूनकथेचे नियम आखणाऱ्यांनी पात्रांच्या या वागण्याकडे लक्ष दिलं नाही, हेही नोंदवायला हवं. रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये गुप्तहेरकथेसाठी दहा नियम घातले. जुळी भावंडं आधी कळवल्याशिवाय आणू नका, चोरवाट एकाहून जास्त नको, अज्ञात विष नको. गुप्तहेराच्या मित्राची बुद्धी वाचकापेक्षा किंचित कमी असावी, हेसुद्धा त्यात आहे. पण धोक्यातल्या माणसानं समजुतीनं वागावं असं एकही कलम नाही. वाचकाशी कोडं प्रामाणिक असलं की झालं, असा त्यांचा दृष्टिकोन. इथे माझं मत वेगळं आहे. केवळ खून पुढे सरकावा म्हणून एखादं पात्र स्वतःच्या स्वभावाविरुद्ध वागत असेल, तर तीही वाचकाची फसवणूकच.

अमेरिकेत मेरी रॉबर्ट्स राइनहार्ट यांच्या १९०८ च्या पहिल्या यशस्वी रहस्यकादंबरीपासून एक धाटणीच रूढ झाली: "मी ते तेव्हाच सांगितलं असतं तर पुढचे जीव वाचले असते" असं हळहळत कथा सांगणारी निवेदिका. या धाटणीची पुढे बरीच टर उडवली गेली. याच राइनहार्टबाईंवर १९४७ मध्ये त्यांच्या बार हार्बरच्या घरी खरोखरीचा हल्ला झाला. हल्लेखोर होता पंचवीस वर्षं त्यांच्याकडे राबलेला स्वयंपाकी. पिस्तूल उडलं नाही, मग तो सुऱ्या घेऊन धावला, आणि घरातल्या इतर नोकरांनी बाईंना वाचवलं. धोका ओळखीच्या माणसाकडून येतो हे खूनकथेचं गृहीतक अतिरंजित नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगभरात हत्या झालेल्या सुमारे ८५,००० स्त्रिया आणि मुलींपैकी ६० टक्के जोडीदाराच्या किंवा कुटुंबातल्या माणसाच्या हातून मेल्या. घरच्या माणसावर विश्वास टाकणारं पात्र मूर्ख नसतं. आपण सगळेच तो टाकतो.

प्रेत सापडल्यावर सुरा उपसून हातात घेऊन उभं राहणारं पात्र मात्र दोन्ही बाजूंनी चुकतं. बोटांच्या ठशांची पहिली कचेरी १८९७ मध्ये कोलकात्यात सुरू झाली आणि १९०१ पासून स्कॉटलंड यार्डात ती पद्धत आली, म्हणजे १९२०-३० च्या दशकातल्या सुशिक्षित माणसाला ठशांचं माहीत असायलाच हवं. आणि माणूस अजून जिवंत असेल तर सुरा उपसणं अधिकच घातक, कारण रुतलेलं पातंच रक्त अडवून धरत असतं. सुरा आहे तसा ठेवून भोवती कापडाच्या घड्या दाबायच्या, हलू द्यायचा नाही. तरीही उपसण्याची ऊर्मी मात्र खरी असते. आपल्या माणसाच्या अंगात ते खुपलेलं पाहवत नाही म्हणून हात आपसूक पुढे जातो.

मराठीत बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार, काळा पहाड, धनंजय-छोटू यांना हे सगळे निकष लावायचं कारण नाही. ती साहसकथा आहे, तिथे नायकानं एकट्यानं अड्ड्यात शिरणं हाच करार असतो. पण आज मराठीत बंदिस्त जागेतली खूनकथा लिहिणाऱ्यांपुढे खरी अडचण मोबाइलची आहे. "नेटवर्क नव्हतं" एवढं पुरत नाही. ११२ ला केलेला फोन आपल्या कंपनीचा सिग्नल नसला तरी दुसऱ्या कुठल्याही उपलब्ध नेटवर्कवरून जाऊ शकतो, म्हणजे त्या जागी एकाही कंपनीचा मनोरा पोचत नाही हे दाखवावं लागेल. शिवाय २०१६ च्या नियमांनुसार फोनमध्ये संकटाचं बटण असतं: साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचा, स्मार्टफोनवर पॉवरचं बटण लागोपाठ तीनदा. कोकणात पावसाळ्यात मात्र जग खरोखर तुटतं. दरड कोसळून वरंधा घाट बंद होतो, आणि जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणची वीज आणि फोन दोन्ही गेले होते. अशा घरात चार दिवस अडकलेली माणसं वाचकाला पटतील. माहिती दाबणाऱ्या पात्राबाबत कायदाही लक्षात ठेवावा. खुनाची माहिती असलेल्यानं ती पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्याला कळवणं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३ नुसार बंधनकारक आहे, तेव्हा गप्प राहण्यामागे तसंच जबरदस्त कारण हवं.

समजा कथेत सुलभाताईंना रात्री होड्यांच्या शेडमध्ये मारायचंय. त्या स्वतःहून खुन्याला एकट्या भेटायला गेल्या तर वाचक पुस्तक मिटेल. खुन्याला हुशार केलं की प्रसंग सुधारतो. इन्स्पेक्टरसाहेबांनी शेडमधली वस्तू ओळखायला बोलावलंय असा निरोप त्यांना घरच्या नोकराकरवी, चारचौघांत मिळतो. त्या जाताना सुनेला सांगून जातात, बॅटरी आणि फोन घेतात, सोबत भाच्यालाही नेतात. शेडपाशी भाच्याला "पलीकडच्या दारावर थांब, साहेब तिकडून येताहेत" असा दुसरा निरोप मिळतो. दोन मिनिटं, एक कोपरा. ताईंनी जे करायचं ते सगळं केलं, आणि तपासाला आता धागा आहे: दोन्ही निरोप मुळात कुणी धाडले?